उन्मादचिकित्सा आणि औषधाची मुदत

वैद्यांचीं जुनीं बाडें हातीं आलीं म्हणजे संग्राहक पाठ, द्रव्यें व मानें पाहतो. औषध किती दिवस चाललें व पुढें रोग्याचें काय झालें, याच्या नोंदी मात्र किरकोळ समजून बाजूस टाकतो. उन्मादरोगाच्या बाबतींत हीच उणीव महत्त्वाची आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील नवव्या अध्यायांत उन्मादाचा विचार असून कल्याणक व महापैशाचिक हीं घृतें तेथेंच सांगितलीं आहेत. इंद्रियें, बुद्धि, आत्मा व मन यांची प्रसन्नता आणि धातूंची स्वाभाविक स्थिति हीं रोगमुक्तीचीं लक्षणेंही तेथें दिलीं आहेत. उन्मादाची व्याप्ति मोठी. स्किझोफ्रेनिया अर्थात् छिन्नमनस्कता तिचा केवळ एक भाग ठरेल.

सर्पगंधेचा उन्मादावरील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केला. १९५२ सालीं तिच्या मुळांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें करण्यांत आलें. त्याच वर्षीं पॅरिस येथें डिले व डेनिकर यांनीं क्लोरप्रोमझिनचे अनुभव मांडले. रेसर्पिन मागें पडलें, दुसऱ्याची परंपरा वाढली. मात्र अशीं औषधें वर्षानुवर्षें घेतल्यानें कित्येकांस जीभ व तोंड आपोआप हलण्याचा विकार जडतो, हेंही पुढें दिसून आलें.

मग तीं थांबवावीं काय? २०१२ सालीं ६५ चाचण्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. सुमारें एका वर्षांत औषध चालू असलेल्यांपैकीं शेंकडा २७, तर बंद केलेल्यांपैकीं शेंकडा ६४ जणांचा रोग उलटला. म्हणून घरच्यांनीं आपल्या मतानें औषध तोडूं नये. मात्रा व मुदत वैद्यकतज्ज्ञांनींच वेळोवेळीं तपासून ठरवावी. परंतु हा हिशेब वर्षाचा आहे, वीस वर्षांचा नव्हे.

औषधाखालील शांति आणि रोग गेल्यानंतरची शांति वरून सारखीच दिसते. चरकोक्त लक्षणें दोहोंस लागू पडतील. भेद दाखवील तो तारीखवार लेखच. नागपूरचें मनोरुग्णालय १८६४ पासूनचें आहे. यवतमाळ जिल्हा १९०५ पूर्वीं वणी या नांवानें ओळखला जाई, हें शोधकानें ध्यानांत ठेवावें. यवतमाळकडील संग्राहकांस विनंति एवढीच कीं, पाठाबरोबर वैद्याची रोजवहीही जपावी. प्रसिद्ध करतांना रोग्याचें नांव मात्र झांकावें. पाठ अन्यत्र मिळेल. एका रोग्याचीं वीस वर्षें दुसरीकडे मिळणार नाहींत.