मेजर गिल ह्यांची अजिंठ्याची छायाचित्रे

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठा येथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीने इ. स. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल ह्यांजकडे सोपविले. पुढे त्यांनी कॅमेराही हाती घेतला. लेण्यांच्या त्यांच्या ७४ छायाचित्रांसह जेम्स फर्ग्युसन ह्यांचा ग्रंथ १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून तेथील गिलकृत रंगीत प्रतिकृती बहुतांशी भस्मसात झाल्या. छायाचित्रांनी ही हानी भरून निघाली नाही; त्यांत भित्तिचित्रांचे रंग नव्हतेच. परंतु हाताने रंगविलेली प्रतिकृती एकच असते, तर छायाचित्राच्या प्रती अनेक निघतात. म्हणूनच लेण्यांच्या तत्कालीन अवस्थेची साक्ष ग्रंथरूपाने टिकून राहिली.