शह ते ‘चेक’

स्मरणिकेत शाळेच्या आठवणी बरेच जण लिहितील, म्हणून मी एका शब्दाचा इतिहास लिहिते आहे. शब्द आहे ‘चेक’. सॉफ्टवेअरच्या नोकरीत तो दिवसभर माझ्या कानावर पडतो आणि ‘गॅस बंद आहे ना, चेक कर’ असं आपण सगळेच घरी म्हणतो.

या शब्दाचं मूळ इराणात आहे. फारसीत राजा म्हणजे ‘शाह’. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की ‘शाह’ म्हणून बजावत. हा खेळ अरबांमार्फत युरोपात पोचला आणि लॅटिन, जुनी फ्रेंच असा प्रवास करत शब्दाचं इंग्रजीत ‘चेक’ झालं. मराठीत तोच फारसीतून ‘शह’ म्हणून आला. ‘शाह मात’चं तिकडे ‘चेकमेट’ झालं. आपण संकटावर ‘मात’ करतो, तीही तिथलीच.

शह बसला की बाकीचे बेत बाजूला ठेवून आधी राजाला वाचवावं लागतं. त्यामुळे इंग्रजीत ‘चेक’चा अर्थ प्रथम ‘रोखणे, आवर घालणे’ असा झाला. ‘पडताळून पाहणे’ हा अर्थ सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागला.

हिशेबाशी या शब्दाचं नातं मात्र त्याहून जुनं आहे. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद टेबलावर होई. त्यावर रेघा आखलेलं काळं कापड असे. रोमन अंकांत आकडेमोड जिकिरीची, म्हणून रकान्यांत सोंगट्या मांडत. टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसे, म्हणून त्या खात्याला ‘एक्सचेकर’ म्हणू लागले. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात ते नाव आजही आहे. तिथले खजिनदार रिचर्ड फिट्झनील यांनी या कामकाजावर गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात ग्रंथ लिहिला. ते म्हणतात, इथेही पटावरच्यासारखी लढत असते: एकीकडे खजिनदार, दुसरीकडे वसुलीचा हिशेब देणारा शेरिफ.

भरलेल्या रकमेची पावती म्हणजे खाचा पाडलेली लाकडी काठी. ती उभी चिरून एक भाग पैसे भरणाऱ्याला देत, दुसरा खजिन्यात ठेवत. पुढे दोन्ही भाग जुळवले, की कुणी एकट्याने वाढवलेली खाच लगेच उघडी पडे. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी अशा जुन्या काठ्या भट्टीत जाळताना लंडनचं संसदभवनच पेटलं!

काठ्या गेल्या, युक्ती राहिली. बँकेच्या चेकचं नावसुद्धा पडताळणीसाठी मागे ठेवलेल्या भागावरून पडलं. आमच्या संगणकातला ‘चेकसम’ही तसाच: पाठवणारा माहितीवरून एक आकडा काढून सोबत धाडतो, घेणारा तो स्वतः पुन्हा काढतो आणि दोन्ही जुळवून बघतो.

हा इतिहास मला कामाच्या ठिकाणी आठवतो. तारीख आधीच ठरलेली असते, वरिष्ठांना घाई असते आणि तपासणीच्या यादीवर भराभर टिका पडतात. चूक सापडली तरी ‘थांबा’ म्हणायची मुभा नसेल, तर त्या तपासणीला काय अर्थ? शह प्यादंसुद्धा देऊ शकतं, आणि तो राजालाही मानावा लागतो.

गणिताच्या तासाला उत्तर बरोबर असलं तरी ‘ताळा कुठे आहे?’ असं विचारणाऱ्या आपल्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको.