गेरू, काव, हिरमुजी

दिवाणखान्याच्या एका भिंतीला गडद, मातकट लाल रंग द्यायची सध्या हौस आहे. रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड त्याला ‘टेराकोटा’ म्हणतं. इटालियन भाषेत याचा अर्थ भाजलेली माती; म्हणजे मूळचा हा कौला-कुंड्यांचा शब्द. त्याच्या आसपास ‘बर्न्ट सिएना’ असतो. सिएना हे इटलीतलं शहर. तिथली पिवळट माती भाजली की तांबूस होते, म्हणून हे नाव.

याच रंगांसाठी मराठीत नावं आहेत आणि त्यांच्या पोटातही गावं, डोंगर दडले आहेत. ती शेडकार्डावर यावीत असं मला मनापासून वाटतं.

गेरू सगळ्यांच्या ओळखीचा. संस्कृत ‘गिरि’पासून ‘गैरिक’, आणि तो प्राकृतातून घासला जाऊन गेरू झाला. डोंगरातून येणारा तो गैरिक, इतकं सरळ. आयुर्वेदात त्यातल्या मऊ, उत्तम जातीला सुवर्णगैरिक म्हणतात. सोनगेरू तो हाच. वारली घरांच्या भिंती शेणामातीवर गेरूने सारवतात आणि त्यावर तांदळाच्या पिठाने पांढरं चित्र उमटतं.

हिरमुजीची गोष्ट लांबची आहे. कुणी हिरमंजीही म्हणतं. गेरूपेक्षा गडद, किंचित किरमिजीकडे झुकणारी ही तांबडी माती. शब्दाचा माग काढत गेलं की आपण इराणच्या आखाताच्या तोंडाशी, होर्मुझ बेटावर पोचतो. हुर्मुझची ती हुर्मुझी, आणि आपल्या तोंडी हिरमुजी. त्या बेटावरची माती लोहाच्या ऑक्साइडने इतकी लाल आहे, की काही ठिकाणी किनाऱ्याचं पाणीही तांबडं दिसतं. तिथले लोक ती जेवणात मसाल्यासारखीही वापरतात. दख्खनच्या सुलतानांचे घोडे याच बंदरातून येत. पुढे 1515 ते 1622 हे बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं आणि त्याचा कारभार गोव्याशी बांधलेला होता. आज होर्मुझ म्हटलं की तेलाची जहाजं आठवतात. आपल्या भाषेने मात्र त्या बेटाची माती जपून ठेवली आहे.

पिवडी ही यांची पिवळी बहीण. लोह तेच, फक्त त्यात पाणी धरलेलं असतं. तापवून ते उडवलं की पिवळी माती लाल होते. सिएनाच्या मातीचंही असंच.

मला सर्वांत जवळचा शब्द आहे काव. कन्नड आणि तमिळमध्ये तो ‘कावी’ आहे, आणि तिथे संन्याशाच्या वस्त्रालाही कावीच म्हणतात. घाटाखाली काव म्हणजे जांभ्या दगडाच्या मुलखातली लाल माती. तिच्यावरूनच कोकण, गोवा आणि कारवारपट्टीतल्या ‘कावी’ भित्तिचित्रांना नाव मिळालं. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव मिसळलेल्या चुन्याचा लाल थर द्यायचा आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करायचा. चित्र वरून काढलेलं नसतं, भिंतीतूनच बाहेर येतं. चुन्यात बसलेली माती ऊनपावसाला सहसा दाद देत नाही, कारण लोहाचा हा रंग उन्हाने विटत नाही आणि चुन्याने बिघडतही नाही.

खोली सजवणाऱ्याने या चित्रांपासून एक गोष्ट जरूर घ्यावी. गडद लालाच्या जोडीला तिथे नेहमी चुन्याचा पांढरा असतो, आणि तोही भरपूर. चारी भिंती लाल केल्या तर खोली कोंदट वाटते. एकीला काव आणि बाकीच्यांना चुन्याचा मऊ पांढरा दिला, तर लाल उजळतो. छत पांढरंच ठेवावं. आणि रंगाऱ्याला सांगताना ‘टेराकोटा’ऐवजी काव म्हणावं, थोडी किरमिजी झाक हवी असेल, तर हिरमुजी.