आडोसा : प्रवासातल्या एका गरजेचा इतिहास

मराठी माणूस या गोष्टीचे नाव सरळ घेत नाही. तो परसाकडे जातो, झाड्याला जातो, बहिर्दिशेला जातो. आमच्या खानदेशात गोदरीत जातो. यातला प्रत्येक शब्द जागा किंवा दिशा सांगतो, क्रिया सांगत नाही. घरी असताना हे चालून जाते, कारण परस कुठे आणि गोदरी कुठे हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. प्रवासात मात्र परसही मागे राहते आणि गोदरीही. मग वाटसरू काय करीत असे? जुन्या प्रवासवर्णनांत मुक्कामाचे गाव, शिधा, स्नानसंध्या, नदीचा उतार, चोरांचे भय हे सारे तपशिलाने येते. या एका प्रश्नाबद्दल मात्र क्वचितच एखादी ओळ सापडते. जिचे नावच घ्यायचे नाही, तिची नोंद कोण करणार?

मी एरंडोलची. इतिहास शिकवण्यात नोकरी गेली आणि चाळिशीनंतर मोटरसायकलचा नाद लागला. आधी नेपाळ, मग दोन उन्हाळे जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटलीचे घाटरस्ते असा प्रवास झाला. परक्या देशात रस्ता चुकण्याची भीती नकाशा घालवतो, भाषेची अडचण हातवारे भागवतात. दर दोन-तीन तासांनी उभा राहणारा प्रश्न मात्र तोच असतो : आता थांबायचे कुठे? या प्रश्नालाही इतिहास असणार, असे वाटून मी शोध सुरू केला आणि तो आधी घराजवळच नेऊन पोहोचला.

एरंडोल हे पूर्वापार वाटेवरचे गाव आहे. अंजनी नदीच्या काठी वसलेले, पांडववाड्याच्या आणि एकचक्रानगरीच्या दंतकथांनी ओळखले जाणारे, पद्मालयाच्या गणपतीला जाणाऱ्या भाविकांचा राबता असलेले. सुरतेहून धुळे-जळगावमार्गे नागपूरकडे जाणारा महामार्ग इथूनच जातो. मुंबई इलाख्याच्या जिल्हा गॅझेटियरांतला खानदेशचा खंड १८८० साली छापला गेला. या गॅझेटियरांत प्रवाशांच्या सोयींची नोंद असते आणि ती नोंद प्रवाशांची प्रतवारी लावते. युरोपियनांसाठी मुसाफिर बंगले, दौऱ्यावरच्या अंमलदारांसाठी वेगळे बंगले आणि एतद्देशीयांसाठी धर्मशाळा. बंगल्याला मोरी असे, शौचाची खोली असे आणि ती साफ करणारा माणूसही असे. धर्मशाळेला बहुधा एक विहीर आणि भोवती मोकळे रान. देशी प्रवाशाला रान पुरते, हे तेव्हा सर्वांनीच गृहीत धरले होते. त्यात देशी प्रवासीही आले.

हे गृहीतक मोडले ते रेल्वेने. बैलगाडीत बसलेला माणूस गाडीवानाला हाक मारून उतरू शकतो, आगगाडीला हाक मारता येत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा तो तासाभराचा कौतुकाचा प्रवास होता. पण १८६०च्या दशकात जी.आय.पी. रेल्वेचा लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव करीत भुसावळला पोहोचला आणि मुंबई ते खानदेश हा सव्वाचारशे किलोमीटरचा प्रवास रात्रभराचा झाला. आमच्या भागातले लोक म्हसावद किंवा जळगावला गाडी पकडत. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शौचाची सोय नव्हती. दारे बाहेरून बंद करण्याची रीत होती. डब्यात गर्दी कोंबलेली आणि स्टेशनावर गाडी किती वेळ थांबेल याचा भरवसा नाही.

तक्रारी लगेच सुरू झाल्या. अर्ज, संस्थांची निवेदने, देशी वृत्तपत्रांतले लेख यांत हे गाऱ्हाणे पुढची कित्येक दशके पुन्हा पुन्हा दिसते. कंपन्यांची उत्तरेही ठरलेली होती. स्टेशनांवर संडास आहेत आणि गाडी पुरेशी थांबते. डब्यात संडास केला तर बाके कमी होतील आणि तोटा होईल. हे लोक त्याचा नीट वापर करणार नाहीत, घाण करतील. रेल्वेच्या उत्पन्नाचा मोठा वाटा याच तिसऱ्या वर्गाच्या तिकिटांतून येत होता, तरी ही उत्तरे देताना कुणाला संकोच वाटला नाही. वरच्या वर्गाच्या डब्यांत १८९१च्या सुमारास शौचालये आली. तिसऱ्या वर्गाला आणखी वाट पाहावी लागली.

या टप्प्यावर एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिले. फणस खाऊन पोट बिघडले, स्टेशनावर उतरावे लागले, तेवढ्यात गार्डाने शिट्टी दिली. हे गृहस्थ एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर धरून धावले, पडले आणि गाडी गेली. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात हे पत्र लोकांना हसवत असते आणि या पत्रामुळे डब्यांत संडास आले असे सांगितले जाते. मला या कथेची अडचण वाटते. पत्र मजेदार आहे यात शंका नाही. पण त्याने अर्धशतकाच्या अर्जविनंत्या गिळून टाकल्या. रीतसर, शुद्ध भाषेत, सह्यांनिशी केलेल्या मागण्या विस्मरणात गेल्या आणि एका फजितीचे हसू तेवढे उरले. जणू फजितीखेरीज दुसऱ्या वाटेने ही मागणी पुढे येऊच शकत नव्हती. त्यात आणखी एक गोष्ट हरवते. धोतर सावरत धावणाऱ्या पुरुषाची कथा होते. त्याच गाडीतल्या ज्या बाईने उतरायचेच टाळले, आदल्या दिवसापासून पाणीच घेतले नाही, तिची कथा होत नाही. ती कुणाला दिसलीच नाही.

संडास आल्यानेही प्रश्न मिटला नाही. १९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक छोटी पुस्तिका काढली. मुंबईहून मद्रासला जाताना त्यांनी जे पाहिले त्यात न धुतलेले संडास आणि पाण्याचा अभाव या गोष्टी ठळक होत्या. सोय असणे आणि ती वापरण्याजोगी असणे यांतले अंतर तेव्हापासून आजवर कायम आहे. आणि ती वापरण्याजोगी ठेवणार कोण, हा प्रश्न तर त्याहून जुना. डब्यातले संडास थेट रुळांवर मोकळे होत. स्टेशनातले रूळ साफ करण्याचे काम पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींच्या माणसांवर पडत आले. मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९४९ साली बर्वे समिती नेमली. मैला डोक्यावरून वाहणे बंद व्हावे असे तिने सांगितले. २०१३च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याच्या व्याख्येत रेल्वेचे रूळही घेतले. मग रेल्वेने जैवशौचालये झपाट्याने बसवली. प्रवाशाची सोय ज्या दिवशी झाली, त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाची तरी गैरसोय सुरू झाली होती. ती संपायला शंभरावर वर्षे लागली.

गाडी चालवणाऱ्याचे काय? भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाला हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. इंजिनात शौचालय नव्हते. डब्यात शेकडो प्रवाशांची सोय आणि त्यांना ओढून नेणारा माणूस मात्र पुढच्या सिग्नलपर्यंत तिष्ठत बसलेला. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८०च्या दशकाच्या अखेरीस देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. शौचालय बसवलेले पहिले इंजिन मे २०१६ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना निघाले. मधल्या सुमारे पंचवीस वर्षांत बाईने इंजिन चालवले याचे कौतुक भरपूर झाले. इंजिनात बाईला काय लागेल याचा विचार तेवढा झाला नाही.

हे आपल्याकडचेच मागासलेपण, असे मला परदेशी जाईपर्यंत वाटत असे. तिथला इतिहास फार वेगळा नाही. पॅरिसच्या रस्त्यांवर काउंट रांब्युतो यांनी १८३०-४०च्या दशकांत मुताऱ्या उभारल्या. मुतारीवर कर बसवणाऱ्या रोमन सम्राट व्हेस्पेशियनचे नाव त्यांना मिळाले. त्या फक्त पुरुषांसाठी होत्या. लंडनच्या १८५१च्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज यांनी एक पेनी घेऊन शौचालये चालवली आणि ८,२७,२८० माणसांनी ती वापरली. लोक पैसे देऊनही वापरतात, हे सिद्ध झाले. तरीही स्त्रियांसाठी शहरात तशी सोय करायला विरोध होतच राहिला. विसाव्या शतकाच्या तोंडाशी कॅम्डन भागातल्या स्त्रियांच्या शौचालयावरून एवढे रण माजले की, तिथे नगरसेवक असलेल्या बर्नार्ड शॉ यांना त्यासाठी झगडावे लागले. बाई घरापासून किती दूर जाऊ शकते, हे तिच्या पोटातल्या पाण्यावर ठरत होते. ही वेसण कुणी हाताने बांधली नव्हती, पण ती खेचली जात होती.

आज तिथे पैसे टाकले की दार उघडते. जर्मनीच्या महामार्गांवर सॅनिफेअर नावाची साखळी आहे. तिथे पूर्वी सत्तर सेंट पडत, २०२२पासून एक युरो पडतो. बदल्यात दुकानात वापरायची चिठ्ठी मिळते. जागा लख्ख, गरम पाणी, कडी धड. मोटरसायकलवाल्याची अडचण वेगळी असते. हेल्मेट कुठे ठेवायचे, हातमोजे कुठे, पावसाचा पोशाख उतरवायचा तर ओल्या फरशीवर पाय कसे टेकायचे, आणि तेवढ्यात बाहेर गाडीवरच्या सामानाकडे कोण बघणार? घाटात तर हॉटेलात कॉफी घेतल्याशिवाय किल्ली मागणे बरे दिसत नाही, आणि ती कॉफी पुढच्या तासाभरात पुन्हा तोच प्रश्न उभा करते. बहुतेक ठिकाणी कागद असतो, पाणी नसते. माझ्या सामानात म्हणून एक प्लॅस्टिकची बाटली कायम असते. टमरेलाची ही धाकटी बहीण. इटलीत १९७५च्या नियमाने घराघरांत धुण्याचे वेगळे भांडे सक्तीचे आहे, पण रस्त्यावरच्या प्रवाशाला त्याचा उपयोग नाही. गंमत नावांची आहे. उकिडवे बसायच्या संडासाला फ्रान्स-इटलीत तुर्की म्हणतात, आपण त्यालाच इंडियन म्हणतो. मला तो आल्प्सच्या पायथ्याशी एका जुन्या खानावळीत भेटला तेव्हा माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

बायकांनी मोटरसायकलवर दूर जाणे ही नवी गोष्ट नाही. थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी १९३४ साली लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ मध्ये केपटाउनला पोहोचल्या. मार्च २०२३ मध्ये पुण्याच्या रमिला लटपटे नऊवारी नेसून मुंबईहून मोटरसायकलने जगप्रवासाला निघाल्या. अशा बायकांना लोक एकटेपणाबद्दल आणि भीतीबद्दल विचारतात. मला एरंडोलच्या बायका भेटल्यावर वेगळे विचारतात, आवाज खाली आणून : ‘ताई, तिकडे जायचं कसं करतात?’ मला हा सगळ्यांत जाणता प्रश्न वाटतो, कारण तो स्वतः एसटीने प्रवास केलेल्या बाईचा असतो.

कारण परतीच्या रस्त्यावर, धुळ्याच्या पुढे, उत्तर आणखी अवघड होते. १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली आणि खेड्यातली बाई प्रवासी झाली. बसस्थानके झाली, त्यांत स्वच्छतागृहे झाली. त्यांतली किती वापरण्याजोगी असतात हे प्रवाशांना ठाऊक आहे. स्थानकांच्या मधल्या अंतरात आधार होता तो पिकांचा. खानदेशातल्या आडोशाला हंगाम असतो. पावसाळ्यात ज्वारी-बाजरी डोक्याइतकी होते, दिवाळीपर्यंत कपाशी कमरेला लागते, केळीच्या बागा बारमाही असतात. होळीनंतर शेते मोकळी होतात आणि नजर क्षितिजापर्यंत जाते. तेव्हा रस्त्याकडेची चिंच, निंब आणि बाभळीची झुडपे कामी येत. महामार्ग चौपदरी होताना ती झाडे गेली, कडेला कठडे आले, गाड्यांचा वेग वाढला. रस्ता सुधारला आणि आडोसा गेला. पुरुषाला अजूनही पाठ फिरवून भागवता येते.

पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृह विनामूल्य असले पाहिजे असा तेल कंपन्यांचा नियम आहे. माझ्या अनुभवात दार असते, कुलूप असते आणि किल्लीवाला माणूस जेवायला गेलेला असतो. या बाबतीत महाराष्ट्रात जे बदलले, ते पुन्हा तक्रारींनीच बदलले. २०११पासून मुंबईत कोरो आणि अनेक संस्थांनी ‘राइट टू पी’ हे आंदोलन चालवले : मुताऱ्या पुरुषांना मोफत आणि बायकांना पैसे का, एवढा साधा त्याचा प्रश्न होता. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित शौचालये उभारण्याचे आदेश दिले. एकोणिसाव्या शतकातले तिसऱ्या वर्गाचे अर्ज आणि ही याचिका यांची मागणी एकच आहे : आम्हीही प्रवासी आहोत, मोजताना आम्हाला मोजा.

कारण मोजणी हीच इथे मुळाशी आहे. मोरी, पाणी, पाइप, खड्डा यांचे तंत्र कधीच अवघड नव्हते. मुसाफिर बंगल्यात ते १८८० सालीही होते. रस्ता बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो प्रवासी असतो त्याचीच सोय होते. आधी साहेब होता, मग वरचा वर्ग, मग तिसरा वर्ग, मग इंजिनचालक. बाई या रांगेत अजून उभी आहे आणि साफ करणारा माणूस तिच्याही मागे.

जिल्ह्याचे नवे गॅझेटियर कधी लिहिले गेले तर एरंडोलच्या नोंदीत पांडववाडा आणि पद्मालय येईल, महामार्गाचा क्रमांक आणि टोलनाकेही येतील. १८८०च्या ग्रंथाने धर्मशाळांची दखल घेतली होती. नव्या ग्रंथाने आणखी एक आकडा द्यावा : या गावापासून दोन्ही दिशांना, रात्री अकरा वाजता, पाणी, दिवा आणि आतून कडी असलेले स्त्रियांचे शौचालय किती किलोमीटरवर आहे. हा आकडा काढायला मोटरसायकल माझी आहे.