शंभरपैकी पन्नास

माझा विषय सांगितला की हमखास कुणीतरी म्हणतं, ‘पॉइंट्स सिस्टिम म्हणजे ती ऑस्ट्रेलियाची ना?’ तर नाही. ऑस्ट्रेलियानं ती १९७९मध्ये घेतली. सुरुवात कॅनडानं केली, १९६७मध्ये.

त्याआधी काय होतं? १९५१च्या करारानुसार जवळचे नातेवाईक सोडले तर भारतातून वर्षाला फक्त १५० माणसांना प्रवेश. १९५७मध्ये त्याचे ३०० झाले. तुम्ही कितीही शिकलेले असा, कोटा संपला की विषय संपला! १९६२च्या नियमांनी वंशाची अट बरीचशी काढली, पण माणूस निवडायचा कसा, याचं ठरलेलं माप नव्हतं.

ते माप म्हणजे १९६७चा शंभर गुणांचा तक्ता. शिक्षणाला २०, वयाला १०, इंग्रजी-फ्रेंचला १०, असे एकूण नऊ रकाने. पास व्हायला साधारण ५०. देश किंवा वंश यासाठी रकानाच नाही. ही खरंच मोठी गोष्ट होती.

पण एक रकाना नीट बघा: ‘व्यक्तिगत मूल्यमापन’, १५ गुण. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस कितपत जुळवून घेणारा, धडपड्या वाटतो, त्यावर हे गुण. समजा, बाकीच्या आठ रकान्यांत मिळून तुमचे ४२ झाले. साहेबांनी ८ दिले तर कॅनडा, ७ दिले तर घरी.

म्हणजे मर्जी गेली नव्हती, तिला फक्त कमाल मर्यादा लागली होती. ती मर्जी कुणाच्या बाजूनं झुकत होती, हे शोधणं म्हणजे माझं संशोधन.