जुन्या ट्रकच्या इंजिनबदलातील इलेक्ट्रॉनिक स्वयंचलित गिअरबॉक्सचे नियंत्रण

जुन्या ट्रकमध्ये मूळ इंजिन काढून दुसरे इंजिन बसवताना त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक स्वयंचलित गिअरबॉक्स वापरल्यास, गिअर बदलण्यासाठी व तेलाचा दाब राखण्यासाठी संगणकीय नियंत्रकाची आवश्यकता असते. मूळ ट्रकमध्ये असा नियंत्रक नसल्यामुळे तो, त्याची तारजोडणी आणि त्याला माहिती पुरवणारे संवेदक नव्याने बसवावे लागतात. अमेरिकेत १९७० व १९८०च्या दशकांतील शेवरोले आणि जीएमसी ट्रकांमध्ये असे बदल मोठ्या प्रमाणावर केले जातात. त्यासाठी जनरल मोटर्सचे ४एल६०-ई आणि ४एल८०-ई हे चार गिअरचे गिअरबॉक्स विशेष प्रचलित आहेत.

पार्श्वभूमी

टर्बो हायड्रामॅटिक ३५० आणि ४०० या जुन्या तीन गिअरच्या गिअरबॉक्सना विजेच्या संगणकाची गरज नव्हती. बाहेर जाणाऱ्या दांड्यावर फिरणारा गव्हर्नर वाहनाचा वेग तेलदाबाच्या रूपात कळवीत असे. इंजिनावरील भार इनटेक मॅनिफोल्डमधील निर्वातावरून व्हॅक्यूम मॉड्युलेटरला समजे. १९८२ साली आलेल्या ७००आर४ या चार गिअरच्या गिअरबॉक्समध्ये भाराची ही माहिती थ्रॉटलला जोडलेल्या केबलद्वारे मिळे.

७००आर४ पासून विकसित झालेल्या ४एल६०-ई मध्ये गव्हर्नर आणि थ्रॉटल-केबल या दोहोंची जागा संवेदक व सोलेनॉइड यांनी घेतली. टर्बो हायड्रामॅटिक ४०० वर आधारलेला ४एल८०-ई १९९१ मध्ये आला. ४एल६०-ई ची गुणोत्तरे ३.०६, १.६३, १.०० व ०.७० अशी असून ४एल८०-ई ची २.४८, १.४८, १.०० व ०.७५ अशी आहेत. एकाहून कमी गुणोत्तराच्या चौथ्या गिअरमुळे महामार्गावर इंजिनाचे फेरे कमी राहतात. इंजिनबदल करणाऱ्यांना या गिअरबॉक्सचे आकर्षण वाटते, त्याचे हे प्रमुख कारण आहे.

कार्यपद्धती

४एल६०-ई मध्ये गिअर ठरवणारे दोन सोलेनॉइड असतात. त्यांना अ आणि ब म्हटल्यास त्यांची स्थिती पुढीलप्रमाणे असते :

- पहिला गिअर : अ चालू, ब चालू
- दुसरा गिअर : अ बंद, ब चालू
- तिसरा गिअर : अ बंद, ब बंद
- चौथा गिअर : अ चालू, ब बंद

याशिवाय टॉर्क कन्व्हर्टरमधील क्लच पकडण्यासाठी आणि मुख्य तेलदाब नियंत्रित करण्यासाठी स्वतंत्र सोलेनॉइड असतात. दाबाच्या सोलेनॉइडचे कार्य उलट्या दिशेने चालते. त्याला विद्युतप्रवाह मिळाला नाही तर दाब सर्वाधिक असतो आणि प्रवाह सुमारे १.१ अँपिअरपर्यंत वाढत गेला की दाब कमी होत जातो.

नियंत्रकाचे पर्याय

१९९९ नंतरच्या जनरल मोटर्सच्या ट्रकांतील ४.८, ५.३ व ६.० लिटरच्या इंजिनांचा मूळ संगणक ४एल६०-ई सारखा गिअरबॉक्सही चालवतो. इंजिन, गिअरबॉक्स, संगणक व तारांचा संच एकाच वाहनातून घेतल्यास काम सर्वांत सोपे होते. मात्र टायरचा घेर आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर जुन्या ट्रकप्रमाणे संगणकात नव्याने नोंदवावे लागते.

इंजिन कार्ब्युरेटरचे किंवा यांत्रिक इंधनपंपाचे डिझेल असेल, तर केवळ गिअरबॉक्ससाठी बनवलेला स्वतंत्र नियंत्रक वापरतात. निवडलेला नियंत्रक गिअरबॉक्सच्या निर्मितिवर्षाशी जुळतो याची खात्री करावी लागते. उदाहरणार्थ, १९९५ पासून ४एल६०-ई मधील टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच हळूहळू पकडणारी रचना आल्यामुळे त्याआधीचे व नंतरचे गिअरबॉक्स विद्युतदृष्ट्या सारखे नाहीत.

आवश्यक संकेत

नियंत्रकाला किमान थ्रॉटलची स्थिती, इंजिनाचे फेरे, बाहेर जाणाऱ्या दांड्याचा वेग, गिअर-दांडीचे स्थान, तेलाचे तापमान आणि ब्रेक दाबल्याचा संकेत लागतो. ब्रेक दाबताच टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच सुटला नाही, तर गाडी थांबताना इंजिन बंद पडू शकते.

कार्ब्युरेटरवर थ्रॉटल-संवेदक मुळात नसतो, म्हणून तो थ्रॉटलच्या दांड्याला जोडून बसवतात. यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात तो पंपाच्या इंधन-तरफेला जोडतात. अशा इंजिनांत गिअर बदलण्याचे फेरेही नव्याने ठरवावे लागतात. कमिन्सच्या जुन्या ५.९ लिटर इंजिनाची मर्यादा मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांची असते. पेट्रोल इंजिनाप्रमाणे पाच हजार फेऱ्यांवर गिअर बदलण्याची नोंद तशीच राहिली, तर पेडल पूर्ण दाबल्यावर पुढचा गिअर पडणारच नाही.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या ट्रकमध्ये वेग-संवेदक ट्रान्सफर केसवर असतो. जुन्या एनपी२०५ सारख्या ट्रान्सफर केसमध्ये केवळ स्पीडोमीटरच्या केबलची सोय असल्याने तेथे वेगळा संवेदक बसवावा लागतो. संवेदक ट्रान्सफर केसच्या मागे असल्यास, 'लो' श्रेणीत मिळणारा वेग गिअरबॉक्सच्या दांड्याच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी असतो. त्यामुळे ही श्रेणी निवडल्याचे नियंत्रकाला स्वतंत्रपणे कळवावे लागते.

तेलदाब आणि हानीचा धोका

गिअर वेळेवर पडत असले, तरी तेवढ्यावरून जुळवणी योग्य झाली असे म्हणता येत नाही. गिअरबॉक्समधील क्लच-चकत्या घट्ट धरून ठेवण्याचे काम मुख्य तेलदाब करतो आणि तो इंजिनावरील भाराच्या प्रमाणात वाढावा लागतो. थ्रॉटल-संवेदकाची शून्यस्थिती व पूर्णस्थिती चुकीची नोंदली गेली, तर ओझे ओढतानाही नियंत्रक भार कमी समजतो आणि दाब कमी ठेवतो. मग चकत्या घसरतात, तेल तापते व चकत्या जळतात. ४एल६०-ई मधील तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच या बाबतीत विशेष नाजूक मानला जातो. चालकाला प्रारंभी गिअर नेहमीपेक्षा मऊ पडत असल्याचेच जाणवते, त्यामुळे हा दोष लवकर लक्षात येत नाही.

याउलट वीजपुरवठा पूर्ण खंडित झाल्यास दाब सर्वाधिक होतो. पुढे जाण्याच्या स्थितीत ४एल६०-ई तिसऱ्या व ४एल८०-ई दुसऱ्या गिअरमध्ये राहतो. वाहन जड चालते, गिअर धक्क्याने पडतो. परंतु चकत्यांचे रक्षण होते.

जोडणीनंतरची तपासणी

नियंत्रकाला इंजिन सुरू करतानाही अखंड राहणारा १२ व्होल्टचा पुरवठा आणि खात्रीचे अर्थिंग लागते. वेग-संवेदकाच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळून, प्रज्वलनाच्या तारांपासून दूर नेतात, म्हणजे खोटे स्पंद मिळत नाहीत. जुन्या ट्रकची तीन गिअरची दर्शकपट्टी चार गिअरच्या स्थानांशी जुळत नसल्याने ती बदलतात. रस्त्यावर नेण्यापूर्वी दाबमापक लावून थ्रॉटलबरोबर तेलदाब वाढतो का, हे पाहणे ही सर्वांत महत्त्वाची तपासणी होय.