वॉर्सा : कागदांनी वाचवलेले शहर

१/
पोलंडची राजधानी वॉर्सा. तिच्या जुन्या गावठाणातील बाजारचौकात उभे राहिले की चहूबाजूंना रंगीत, अरुंद, उंच घरांची ओळ दिसते. कोठे दारावर कोरीव दगडी चौकट, कोठे भिंतीवर चित्रकाम. पाहणाऱ्यास वाटते, ही घरे तीन-चारशे वर्षांची असावीत. वास्तविक यांतील बहुतेक घरे १९५० च्या दशकात बांधलेली आहेत. तरीही १९८० मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून स्वीकारला. हे कसे घडले, त्याचा हा धागा.

२/
वॉर्सा मुळात राजधानी नव्हती. तो मान क्राकुव्हचा होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा तिसरा झिगमुंट याने दरबार वॉर्सास हलवण्यास आरंभ केला आणि विस्तुला नदीकाठचे हे व्यापारी गाव राज्याचे केंद्र बनले. त्याच्या पुत्राने १६४४ मध्ये राजवाड्यासमोर पित्याचा पुतळा एका उंच स्तंभावर उभारला. हा स्तंभ लक्षात ठेवावा, कारण शहराची पुढची कथा त्याच्या अंगावर लिहिलेली आहे.

३/
अठराव्या शतकात पोलंडचा शेवटचा राजा स्तानिस्वाव आउगुस्त पोन्यातोव्स्की याने बेर्नार्दो बेलोत्तो या व्हेनिसच्या चित्रकारास दरबारी ठेवले. सुप्रसिद्ध कानालेत्तोचा हा भाचा. १७८० मध्ये वॉर्सातच मृत्यू येईपर्यंत त्याने शहराचे रस्ते, चर्च, प्रासाद आणि बाजार वीसहून अधिक भव्य चित्रांत उतरवले. छप्परांची कौले, खिडक्यांच्या चौकटी, रस्त्यावरचे भिकारी व घोडागाड्या, काहीही त्याच्या नजरेतून सुटले नाही.

४/
१७९१ च्या ३ मे रोजी याच शहराच्या राजवाड्यात पोलंडची लिखित राज्यघटना संमत झाली. पण चारच वर्षांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी उरलेले राज्यही वाटून घेतले. १७९५ पासून १९१८ पर्यंत नकाशावर पोलंड नव्हता. राज्य नसलेल्या समाजाला आपल्या अस्तित्वाचे पुरावे भाषेत, धर्मात आणि जुन्या वास्तूंत शोधावे लागतात. पोलिश लोकांना इमारतींचे एवढे मोल का, याचे उत्तर या सव्वाशे वर्षांत आहे.

५/
१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने आक्रमण केले. १७ सप्टेंबरला तोफगोळ्यांनी राजवाड्यास आग लागली. राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्वाव लोरेन्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याही स्थितीत चित्रे, फर्निचर, कोरीव कामाचे तुकडे, दारांच्या चौकटी बाहेर काढून जपल्या. महिनाअखेर शहर शरण गेले. पुढे विजेत्यांनी राजवाड्याच्या भिंतींत सुरुंगांसाठी भोके पाडून ठेवली.

६/
त्या वेळी शहराची लोकसंख्या सुमारे १३ लाख होती आणि त्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश ज्यू होते. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये ज्यू वस्तीभोवतीची भिंत बंद झाली. साडेतीन चौरस किलोमीटरच्या आत ४ लाखांहून अधिक माणसे कोंडली गेली. उपासमार आणि रोगराई यांनी हजारो मेले. १९४२ च्या उन्हाळ्यात अडीच लाखांहून अधिक लोकांना रेल्वेने त्रेब्लिंका येथे नेऊन ठार करण्यात आले.

७/
या कोंडवाड्यात इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम आणि त्यांचे साथीदार गुप्तपणे कागद गोळा करत होते. रोजनिशा, पत्रे, रेशनकार्डे, शाळेतल्या मुलांचे निबंध, जाहिराती. आपण वाचणार नाही याची त्यांना कल्पना होती. आपली हकीकत तरी वाचावी म्हणून त्यांनी हे सारे पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या बरण्यांत भरून पुरले. युद्धानंतर १९४६ आणि १९५० मध्ये त्यांतील दोन साठे राडारोड्याखालून सापडले. रिंगेलब्लुम १९४४ मध्येच मारले गेले होते.

८/
१९ एप्रिल १९४३ रोजी उरलेल्यांनी शस्त्र उचलले. पिस्तुले, हातबॉम्ब आणि घरगुती स्फोटके घेऊन त्यांनी जवळजवळ महिनाभर झुंज दिली. १६ मे रोजी शहरातील महान सिनेगॉग सुरुंग लावून पाडण्यात आले. मग सारी वस्ती घरोघर जाळून, पाडून सपाट केली गेली. वॉर्साचा पहिला मोठा भाग असा नाहीसा झाला.

९/
१ ऑगस्ट १९४४ रोजी पोलंडच्या भूमिगत सेनेने सर्व शहरात उठाव केला. तो ६३ दिवस चालला. सोव्हिएत सेना सप्टेंबरच्या मध्यास विस्तुलेच्या पूर्वतीरापर्यंत पोहोचली, परंतु पलीकडचे शहर पडेपर्यंत तिने ते मुक्त केले नाही. जुन्या गावठाणातील सैनिक भुयारी गटारांतून निसटले. दीड ते दोन लाख नागरिक प्राणास मुकले. २ ऑक्टोबरला शरणागती झाली आणि उरलेल्या रहिवाशांना शहराबाहेर हाकलण्यात आले.

१०/
यानंतर जे घडले त्यास लढाई म्हणता येत नाही. रिकाम्या शहरात जर्मन पथके रस्त्यारस्त्याने फिरत घरांना आगी लावीत आणि महत्त्वाच्या वास्तूंत सुरुंग पेरीत. राजवाडा सप्टेंबरमध्येच उडवला गेला होता. डिसेंबरमध्ये सॅक्सन प्रासाद गेला. ग्रंथालये व अभिलेखागारे जाळण्यात आली. झिगमुंट राजाचा स्तंभ उठावाच्या काळातच कोसळला होता. १७ जानेवारी १९४५ रोजी सैन्य आत आले तेव्हा डाव्या तीरावरील सुमारे ८५ टक्के शहर नष्ट झाले होते.

११/
परंतु एक गोष्ट नाझींच्या हातून निसटली होती. वॉर्सा तंत्रविद्यापीठाच्या वास्तुकला विभागाकडे जुन्या इमारतींची मोजमापे आणि आराखडे होते. युद्धापूर्वी प्राध्यापक व विद्यार्थी ते तयार करत असत आणि व्याप्त काळातही हे काम चोरून चालू राहिले. उठावानंतर यांतील पुष्कळ कागद शहराबाहेर काढून प्योत्र्कुव्ह येथील एका मठात, शवपेट्यांच्या आड लपवण्यात आले. घरे जळाली, पण त्यांची मापे उरली.

१२/
राजधानी अन्यत्र न्यावी, असाही विचार १९४५ मध्ये पुढे आला. उद्योगनगरी वुज तुलनेने शाबूत होती. मात्र लोक कोणाच्या परवानगीची वाट न पाहता ढिगाऱ्यांत परतू लागले. तळघरांत चुली पेटल्या. फेब्रुवारीत राजधानी पुनर्बांधणी कार्यालय स्थापन झाले आणि ऐतिहासिक वास्तूंची जबाबदारी यान झाख्वातोविच या प्राध्यापकांकडे आली.

१३/
त्यांच्यापुढचा प्रश्न तात्त्विक होता. वारसा-जतनाचे त्या काळचे मान्य तत्त्व असे की, उरले आहे ते सांभाळावे. नष्ट झालेल्याची प्रतिकृती करणे ही फसवणूक होय. झाख्वातोविच स्वतः याच शिस्तीत वाढलेले. तरी त्यांचा युक्तिवाद वेगळा होता. काळाने पडझड झालेली वास्तू आणि एका समाजाची ओळख पुसण्यासाठी हेतुतः पाडलेली वास्तू यांना एकच नियम लावता येणार नाही. येथे भग्नावशेष तसेच ठेवणे म्हणजे पाडणाऱ्याचे काम पूर्ण होऊ देणे.

१४/
‘चित्रांवरून बांधलेले शहर’ अशी वॉर्साची ख्याती आहे. ती अर्धीच खरी. जुन्या गावठाणाची मुख्य भिस्त मोजमापांवर, छायाचित्रांवर आणि ढिगाऱ्यांत सापडलेल्या तुकड्यांवर होती. बेलोत्तोची चित्रे लुटली गेली होती, ती युद्धानंतर परत मिळाली. राजवाड्यापासून दक्षिणेस जाणाऱ्या राजमार्गावरील इमारतींसाठी त्यांचा विशेष उपयोग झाला. चित्रकाराने रचनेच्या सोयीसाठी काही तपशील बदलले होते. त्यामुळे काही ठिकाणी शहराने चित्रकाराची कल्पनाही दगडात उतरवली.

१५/
विटा कोठून आल्या? काही ढिगाऱ्यांतून वेचून, साफ करून. काही व्रोत्सवाफसारख्या, युद्धानंतर जर्मनीकडून पोलंडकडे आलेल्या शहरांतून. ‘सारे राष्ट्र आपली राजधानी बांधते’ ही त्या काळची घोषणा होती. नव्या साम्यवादी राजवटीने हा उत्साह आपल्या प्रतिष्ठेसाठी वापरून घेतला. देणग्यांत आणि श्रमदानात सक्तीचाही अंश होता. तरी सकाळी फावडे घेऊन येणाऱ्या सामान्य माणसाची भावना खोटी नव्हती. २२ जुलै १९५३ रोजी बाजारचौक लोकांसाठी खुला झाला.

१६/
बारकाईने पाहिले तर ही प्रतिकृती हुबेहूब नाही. दर्शनी भाग जुने, पण आत कामगार कुटुंबांसाठी नव्या सोयींची घरे. मागील अंगणांतली दाटीवाटीची बांधकामे पुन्हा उभारली नाहीत. घरांमागे दडलेली मध्ययुगीन तटबंदी उघडी केली गेली. संत योहान कॅथीड्रलला एकोणिसाव्या शतकात मिळालेले रूप नाकारून मध्ययुगीन गॉथिक रूप कसे असेल, त्याचा अंदाज बांधण्यात आला. म्हणजे हे १९३९ चे वॉर्सा नव्हे. वॉर्सा कसे असायला हवे होते, याचे ते १९५० च्या दशकातील उत्तर आहे.

१७/
त्या उत्तराची किंमतही होती. ऑक्टोबर १९४५ च्या हुकुमाने शहरातील सारी जमीन सार्वजनिक मालकीची झाली. एवढे मोठे नियोजन त्यामुळेच शक्य झाले. पण हजारो कुटुंबांचा हक्क गेला आणि ते दावे एकविसाव्या शतकातही न्यायालयांत रेंगाळत राहिले. एकोणिसाव्या शतकातील भाड्याच्या बहुमजली इमारतींना नियोजनकार कुरूप मानत. युद्धातून वाचलेल्या अशा अनेक इमारती शांततेच्या काळात पाडल्या गेल्या. अशाच एका भागात १९५५ मध्ये सोव्हिएत संघाची ‘भेट’ असलेला २३७ मीटर उंच संस्कृती व विज्ञान प्रासाद पूर्ण झाला.

१८/
आणि ज्यू वस्ती? ती जशीच्या तशी उभारावी, असे ठरले नाही. परतण्यासाठी माणसेच फारशी उरली नव्हती. मुरानुव्ह भागात वास्तुविशारद बोहदान लाखेर्त यांनी राडारोड्याच्या टेकाडांवर आणि त्याच राडारोड्यापासून केलेल्या ठोकळ्यांनी नवी घरे बांधली. आजही तेथे काही इमारती रस्त्यापेक्षा उंचावर दिसतात. पायऱ्या चढून दाराशी जावे लागते. त्या पायऱ्यांखाली आधीचे शहर आहे. ‘पुनर्बांधणी’ या शब्दात कोणाचे घर मोजले गेले आणि कोणाचे नाही, हे मुरानुव्ह न बोलता सांगते.

१९/
राजवाड्याची पाळी सर्वांत उशिरा आली. निर्णय १९७१ मध्ये झाला आणि १९८४ मध्ये तो प्रेक्षकांसाठी खुला झाला. लोरेन्त्स आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये वाचवलेले तुकडे नव्या भिंतींत आपापल्या जागी बसवले गेले. बेलोत्तोची चित्रेही तेथे परतली.

२०/
१९८० मध्ये युनेस्कोने जुन्या गावठाणास मान्यता दिली ती प्राचीनतेसाठी नव्हे, तर जवळजवळ पूर्ण नष्ट झालेला ऐतिहासिक भाग पुन्हा उभारण्याच्या असाधारण प्रयत्नासाठी. २०११ मध्ये पुनर्बांधणी कार्यालयाचे दप्तरही जागतिक स्मृती नोंदवहीत दाखल झाले. इमारतींइतकाच मान त्या कागदांना मिळाला, हे योग्यच होय.

२१/
या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली सुमारे ५,००० माणसे, मुख्यतः स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत राहिली. त्यांची गावे युद्धानंतर सोव्हिएत संघात गेली, त्यामुळे अनेकांना परतण्यास घरच उरले नाही. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. राजधानी पुन्हा बांधता आली. या माणसांची गावे मात्र सीमेपलीकडेच राहिली.

२२/
झिगमुंट राजाचा पुतळा १९४९ मध्ये नव्या ग्रॅनाइट स्तंभावर पुन्हा चढवण्यात आला. जुन्या स्तंभाचे तुटलेले तुकडे राजवाड्याच्या भिंतीलगत आडवे ठेवले आहेत. वॉर्सास जाणारे पर्यटक वर पाहून छायाचित्र घेतात. जाणाऱ्याने थोडे बाजूला वळून ते आडवे दगडही पाहावेत. वरच्या राजावरून या शहराने काय परत मिळवले ते कळते. काय परत आले नाही, हे त्या तुकड्यांपाशी उभे राहिल्यावर कळते.

(समाप्त)